कोंबाखालची गोष्ट

नवरात्राची पहिली माळ चढते त्या दिवशी कोल्हापूरच्या घराघरांत रानातली माती येते. पत्रावळीवर नाहीतर परडीत ती पसरतात, तिच्यात गहू, शाळू, हरभरा, करडई असे घरात असेल ते धान्य टाकतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घट झिरपत राहतो, माती ओली राहते आणि दसऱ्यापर्यंत कोंब वीतभर होतात. देवघरातल्या अंधारात वाढल्यामुळे ते हिरवे नसतात, हळदीच्या रंगाचे असतात. घट उठले की सोने लुटायला निघालेली माणसे हे तुरे टोपीत खोवतात. जुन्या शेतकऱ्याच्या लेखी या घटात देवी होती, तशी रब्बीच्या बियाण्याची परीक्षाही होती. कोणते धान्य जोमाने आले आणि कोणते कुजून गेले, हे पेरणीच्या तोंडावर घरातच कळायचे.

खरिपाची परीक्षा वेगळी. मे महिना सरत आला की कृषी खात्याची माणसे गावोगावी सोयाबीनची घरगुती उगवण चाचणी करून दाखवतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून ती सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने उलगडून मोजायचे. सत्तर दाणे उगवले तर बियाणे पेरणीजोगे. प्रमाणित बियाण्यासाठी सरकारने घालून दिलेली किमान मर्यादाही तीच आहे: सोयाबीन आणि भुईमूग ७० टक्के, ज्वारी ७५, भात ८०, गहू ८५.

या दोन परीक्षांत एक फरक आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घटात माती रानातली असते. गोणपाटावर माती नसतेच आणि पाणी घरातले असते. म्हणजे गोणपाट फक्त बियाण्याला पास-नापास करते. ते बियाणे ज्या मातीत पडणार आणि ज्या पाण्यावर उगवणार, त्यांची परीक्षा तिथे होत नाही. घटात मात्र नकळत बियाण्याची आणि मातीची, दोन्हींची होत असे. जड धातू आणि प्लास्टिकचे कण यांनी पिकाच्या उगवणीचे काय होते, हा प्रश्न नेमका या फटीत बसलेला आहे. बियाणे चांगले असूनही रान त्याला साथ देते का, हे बघायचे तर मोजायचे काय, इथपासून त्याची सुरुवात होते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न नदीच्या काठाने चालतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा प्रयाग चिखलीला होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. शंभर किलोमीटरांच्या आतला हा प्रवास, पण त्यात ती बरेच काही पोटात घेते. कोल्हापूर शहरातून जयंती आणि दुधाळी नाले येतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांनी या शहराला ओतकामाचे नाव मिळवून दिले. त्यांच्या भट्ट्यांची धूळ आणि टाकाऊ वाळूही याच खोऱ्यात राहते. पुढे इचलकरंजी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि जहागिरीचे ते गाव बघता बघता महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणवून घेऊ लागले. यंत्रमागापाठोपाठ सायझिंग आले, रंगाई आणि प्रोसेसिंगचे कारखाने आले. थोड्या अंतरावर हुपरी आहे, घराघरांत चांदी गाळणारी आणि घडवणारी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३, म्हणजे सर्वांत जास्त, महाराष्ट्रातले होते आणि पंचगंगा त्या यादीत होती. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा नदीच्या पाण्याचा प्रश्न घरोघरी पोचला. काळे पाणी, फेस, जलपर्णी, तेरवाड बंधाऱ्यापाशी मरून वर आलेले मासे ही दृश्ये वर्तमानपत्रांतून अधूनमधून येत असतात. या सगळ्यात नजर पाण्यावर असते, आणि ते साहजिकच आहे. पण हेच पाणी मोटारींनी उचलून पाइपांतून उसाच्या सरीत, भाजीच्या वाफ्यात आणि भुईमुगाच्या रानात जाते. पाणी वाहून जाते किंवा उडून जाते. त्याच्याबरोबर आलेला धातू तिथेच बसतो.

ज्या बंधाऱ्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखतो, त्याचाही या गोष्टीत वाटा आहे. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे घालतात आणि नदी पायऱ्यापायऱ्यांनी अडते. अडलेल्या पाण्यात गाळ बसतो. धातू मोकळ्या पाण्यापेक्षा या बारीक गाळालाच जास्त चिकटतात आणि प्लास्टिकचे जडावलेले तुकडेही त्यातच रुततात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की हा साठा पुढे सरकतो आणि पूर आला तर तो शिवारात चढतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१च्या जुलैत पुन्हा तशीच पाळी आली. पुराने मळीच्या रानांना पिढ्यान्‌पिढ्या सुपीक केले, हे खरेच आहे. काठच्या शेतकऱ्याला पूर उतरल्यावर मागे राहिलेल्या गाळाचे मोल कळते. पण गाळात आता काय काय असते, याची चौकशी त्या मोलाच्या हिशेबात धरलेली नाही. धरण-तलावांतला गाळ शेतात नेऊन टाकण्याची सरकारी योजनाही २०१७ मध्ये राज्यात सुरू झाली. डोंगराखालच्या पाझर तलावातला गाळ आणि शहराखालच्या बंधाऱ्यातला गाळ यांना एकच शब्द असला, तरी ती दोन वेगळी द्रव्ये आहेत.

सगळा दोष गिरणी-फौंड्रीच्या माथी मारून शेतीला मोकळे सोडता येत नाही. फॉस्फेटच्या खडकात निसर्गतःच थोडेफार कॅडमियम असते आणि ते खताच्या पोत्यातून रानात येते. द्राक्षबागांवर वर्षानुवर्षे मारलेल्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचे तांबे जमिनीच्या वरच्या थरात साठते. उपसा योजनांच्या मैलोन्‌मैल पीव्हीसी पाइपांत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगे वापरली जात होती; ती काढण्यासाठी केंद्र सरकारला २०२१ मध्ये वेगळे नियम करावे लागले.

प्लास्टिकचा मार्ग तर थेट गोठ्यातून जातो. ज्या उकिरड्यात पूर्वी शेण, पालापाचोळा आणि राख पडत असे, त्यात आता गुटख्याची पुडी, शांपूचे पाऊच आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा पडतो, आणि शेणखताबरोबर रानात पसरतो. तागाची गोणी जाऊन विणलेल्या प्लास्टिकची पोती आली. बांधावर उन्हात पडलेल्या अशा पोत्याला दोन उन्हाळ्यांनंतर हात लावला तर त्याच्या पांढऱ्या फितींचा भुगा होतो. मिरची, टोमॅटो, कलिंगडाच्या बेडवर अंथरलेला मल्चिंग पेपर पीक निघाल्यावर गोळा करताना फाटतो आणि त्याचे तुकडे रोटाव्हेटर आणखी बारीक करतो. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, २०२२ मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. या बंद्या बाजारातल्या पिशवीसाठी आहेत. रानात आधीच मिसळलेल्या तुकड्यांना त्या लागू होत नाहीत.

बियाण्याला मात्र या सगळ्याची वार्ता नसते. ते मातीत पडते तेव्हा त्याच्यापुढे एकच काम असते: पाणी पिणे. कोरडे बी बीजरंध्रातून आणि सालीतून पाणी ओढते आणि टरारून फुगते. पाणी आत गेले की गर्भ जागा होतो आणि जिबरेलिन नावाच्या संजीवकाच्या रूपाने निरोप धाडतो. भात-गव्हासारख्या धान्यांत हा निरोप दाण्याच्या पिठाभोवतीच्या पातळ थराला पोचतो. तो थर अमायलेज हे विकर सोडतो आणि साठवलेल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. या शिदोरीवर पहिल्यांदा बाहेर पडते ते आदिमूळ. कोंब त्याच्या मागून येतो. माणसाला वरून कोंब दिसतो तेव्हा मुळाची सुरुवात होऊन गेलेली असते. म्हणून ‘उगवले’ हा शब्द आपण जिथून वापरतो, तिथे रोपाच्या आयुष्याचा पहिला आणि सगळ्यात नाजूक अंक संपलेला असतो.

जड धातू या अंकात कुठे अडथळा आणतात? सालीवर नाही, निदान लगेच नाही. बीजावरण ही निसर्गाने फार विचारपूर्वक केलेली तटबंदी आहे. शिशासारख्या धातूला ती साल फुटेपर्यंत बऱ्याच अंशी बाहेर ठेवते. त्यामुळे धातू मिसळलेल्या पाण्यात बी भिजत घातले तरी ते अनेकदा उगवते, आणि टक्केवारीत फारसा फरक दिसत नाही. फरक पडायला लागतो तो मूळ बाहेर आल्यावर. मुळाच्या टोकाशी पेशी सतत दुभंगत असतात आणि कॅडमियम, तांबे, षट्संयुजी क्रोमियम हे धातू त्या विभाजनावरच घाव घालतात. मूळ आखूड, जाड आणि तपकिरी होते, त्यावर केसासारखी मुळे धरत नाहीत. मात्रा वाढली तर आतली शिदोरीही अडते. वाटाण्यावरच्या प्रयोगांत कॅडमियममुळे अमायलेजचे काम मंदावले आणि श्वसन घटले, असे दिसले आहे. कोठारात धान्य असून चुलीपर्यंत न पोचणे म्हणजे काय, ते अशा दाण्याला विचारावे.

मात्रेची गोष्ट इथे महत्त्वाची आहे, कारण जस्त आणि तांबे हे पिकाचे अन्नही आहेत. जस्त कमी पडले म्हणून शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतो. तेच जस्त अती झाले की मूळ जाळते. कारखान्यांच्या सांडपाण्यावर मूग, हरभरा, गहू रुजवून पाहण्याचे प्रयोग भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांत होतात आणि त्यांत पुष्कळदा एकच चित्र निघते: भरपूर पाणी घालून पातळ केलेल्या सांडपाण्यात बी साध्या पाण्याइतके, कधी त्याहून सरस उगवते आणि दाट सांडपाण्यात मान टाकते. सांडपाण्यात नत्र आणि पालाशही असते ना! नाल्याच्या पाण्यावरची मेथी लुसलुशीत दिसते ती उगीच नाही. आणि म्हणूनच तिच्या दिसण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

प्लास्टिककडे वळताना एक मराठी बी मदतीला येते. बाळंतिणीला खीर आणि लाडू करून घालतात तो अळीव. पाण्यात टाकताच त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते आणि तो एका दिवसात रुजतो. जगभरच्या प्रयोगशाळांत विषारीपणा तपासण्यासाठी हाच अळीव वापरतात. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अळिवाच्या बिया प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोल कण मिसळलेल्या पाण्यात रुजत घातल्या. कण तीन आकारांचे होते: ५०, ५०० आणि ४,८०० नॅनोमीटर. सगळ्यांत मोठा कणही मिलीमीटरच्या दोनशेव्या भागाएवढाच. आठ तासांनी पाहिले तेव्हा साध्या पाण्यातल्या ७८ टक्के बिया रुजल्या होत्या. मोठ्या कणांच्या सर्वाधिक मात्रेत फक्त १७ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली कारणही दिसले. कण बीजावरणाच्या छिद्रांपाशी गोळा झाले होते, म्हणजे पाणी आत जायच्या वाटेवरच बुचासारखे बसले होते.

याच प्रयोगाचा पुढचा भाग तितकाच मोलाचा आहे. चोवीस तासांनी उगवणीतला फरक नाहीसा झाला. उशिरा का होईना, बिया रुजल्या. मुळांच्या लांबीतला फरक चोवीस तासांनी दिसत होता, अठ्ठेचाळीस तासांनी तोही भरून निघाला. म्हणजे ‘प्लास्टिकने बी मरते’ असे म्हणणे चूक, आणि ‘प्लास्टिकने काही होत नाही’ हेही चूक. उशीर झाला, एवढेच खरे. प्रयोगशाळेतल्या बशीत या उशिराची किंमत शून्य असते, कारण तिथे पाणी संपत नाही. रानात वाफसा असतो. मृगाच्या एका सरीवर पेरलेल्या सोयाबीनला पुढची सर येईपर्यंत वरच्या दोन इंचांतल्या ओलीवरच भागवायचे असते. तिथे पाणी पिण्यातला उशीर कितीसा परवडतो, हा प्रश्न बशीत सुटणारा नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या संशोधकांनी राय गवताचे बी मातीत पेरून पाहिले. मातीत तीन प्रकारचे प्लास्टिक मिसळले होते: साध्या प्लास्टिकची पूड, कपड्यांतले कृत्रिम तंतू आणि मक्यासारख्या पिकांपासून बनवतात ते ‘विघटनशील’ म्हणून विकले जाणारे प्लास्टिक. उगवण घटली ती तंतूंनी आणि या तिसऱ्या प्रकाराने. ज्या खोऱ्यात पॉलिस्टरचे सूत विणले, रंगवले आणि धुतले जाते, तिथे तंतूंचा हा निकाल दुरून वाचण्यासारखा नाही. उलट, बर्लिनमध्ये कांद्याच्या पातीवर झालेल्या एका प्रयोगात पॉलिस्टरच्या तंतूंनी माती भुसभुशीत झाली, तिने जास्त पाणी धरले आणि मुळे वाढली. एकच वस्तू एका पिकात वैरी आणि दुसऱ्यात मदतनीस ठरते. गवताचे बी, अळीव आणि कांदा यांच्यावरून भात-सोयाबीनचा निवाडा करायचा नाही, हे या विषयात शिरणाऱ्याने पहिल्या पायरीवरच लक्षात ठेवावे.

पुढची पायरी आणखी खालची. प्लास्टिक मुळाच्या बाहेरच राहते असे बराच काळ मानले जात होते. २०२० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी गहू आणि लेट्यूसच्या मुळांत अतिसूक्ष्म कण शिरलेले दाखवले. कण शिरतात ते उपमुळे फुटताना पडणाऱ्या बारीक भेगांतून. रोप नवे मूळ काढायला स्वतःची साल फाडते आणि त्याच दारातून हा पाहुणा आत येतो.

धातू आणि प्लास्टिक एकत्र आले की हिशेब सरळ बेरजेचा राहत नाही. उन्हापावसाने खरखरीत झालेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर धातू चिकटतात. कधी त्यामुळे धातू अडकून पडतो आणि मुळाला कमी मिळतो. कधी तोच तुकडा धातूचे गाठोडे घेऊन मुळाशी जातो. कोणते घडेल हे प्लास्टिकच्या जातीवर, धातूवर आणि सर्वांत जास्त मातीवर अवलंबून असते.

मातीच्या बाबतीत कोल्हापूर जिल्हा म्हणजे दोन जिल्हे आहेत. पश्चिमेला पन्हाळा, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडे जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी जमीन. भात आणि नाचणीची. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडे खोल काळी, चिकण, विम्लधर्मी जमीन; उसाची. आम्ल मातीत कॅडमियम, जस्त सुटे होतात आणि मुळाला सहज मिळतात. काळी माती त्यांना घट्ट धरून ठेवते. कारखाने आणि शहरांचे ओझे पूर्वेकडे आहे आणि सुदैवाने धरून ठेवणारी मातीही पूर्वेकडेच आहे. पण शिरोळमध्ये पाण्याच्या अतिवापराने हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. मिठातला क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवतो आणि मातीने धरून ठेवलेल्या धातूला पुन्हा सुटे करतो. म्हणजे तिथे क्षार आणि धातू हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडता येत नाहीत. शिवाय क्षारांनीच बियाण्याला पाणी ओढणे जड जाते. अशा रानात नांग्या पडल्या तर त्यातला किती वाटा मिठाचा, किती धातूचा आणि किती प्लास्टिकचा, हे बांधावर उभे राहून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये.

बी न उगवण्याची साधी कारणे आधी तपासायची असतात, हे २०२० च्या खरिपाने चांगलेच शिकवले. त्या जूनमध्ये राज्यभरातून सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मुळाशी होता आदल्या वर्षीचा काढणीच्या वेळचा पाऊस. सोयाबीनची साल पातळ, आणि भिजलेल्या दाण्याची उगवणशक्ती लवकर जाते. खोल पेरणी, बुरशी, मळणीयंत्राचा मार, साठवणीतली दमट हवा या सगळ्यांचे हात प्लास्टिकच्या कणापेक्षा लांब आहेत. प्रदूषणाचा अभ्यास करणाऱ्याला हे आवडो न आवडो, उगवणीच्या खटल्यात त्याचा आरोपी बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत बसलेला असतो.

मग त्याच्यामागे लागायचे कशाला? याचे उत्तर जपानमधल्या जिन्झू नदीच्या काठी मिळते. तोयामा प्रांतातल्या या नदीला वरच्या अंगाला कामिओका खाणीतले कॅडमियम मिळत होते आणि खालच्या अंगाला तिच्या पाण्यावर भात पिकत होता. भात उगवला, लोंब्या धरल्या, घरात आला. तो खाणाऱ्यांची, त्यातही प्रौढ बायकांची हाडे ठिसूळ होऊन नुसत्या हालचालीने मोडू लागली. दुखण्याला नाव पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाने होणारा आजार असल्याचे मान्य केले. त्या भाताची उगवण चाचणी कोणी केली असती, तर तो पास झाला असता. ज्या मात्रेत कॅडमियम माणसाला बाधते, तेवढी मात्रा पीक मुकाट्याने सोसते. म्हणून कोंबांची संख्या ठीक आहे एवढ्यावर रानाला निर्दोष ठरवता येत नाही. मूळ मात्र त्यापेक्षा बरेच आधी तक्रार करते.

आपल्याकडे ही तक्रार ऐकण्याची सोय कुठे आहे? २०१५ पासून शेतकऱ्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. यांतले जस्त आणि तांबे तपासले जातात ते कमी आहेत का, एवढ्यासाठी. कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल, पारा या पत्रिकेत नाहीत. प्लास्टिकचा तर प्रश्नच नाही. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतासाठी मात्र खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, शिसे १००. खताला कायदा आहे. ते खत, नदीचे पाणी, पुराचा गाळ आणि पोत्यातले फॉस्फेट हे सगळे जिथे एकत्र येते, त्या रानाच्या पत्रिकेत या धातूंचा रकानाच नाही. बियाण्यावरच्या रंगीत लेपाचेही तसेच. पिशवीतून निघणाऱ्या गुलाबी, निळ्या दाण्यांवर औषधाबरोबर चिकटपणासाठी पॉलिमर असू शकतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यांत असे लेप आणि खतांची आवरणेही मुदत देऊन घेतली. आपल्याकडे ही चर्चा अजून पेरणीच्या हंगामापर्यंत आलेली नाही.

प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत आणि त्या वाचकापुढे ठेवायला हव्यात. प्रयोगांत वापरलेले प्लास्टिक बहुधा विकत आणलेले, एकसारखे गोल, कोरे असते. रानातले तुकडे वेडेवाकडे, मळलेले, जिवाणूंच्या थराने माखलेले असतात. प्रयोगांतली मात्रा अनेकदा रानात आढळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते. बशीत ओला कागद असतो. तिथे धातूला धरून ठेवायला ना चिकणमाती, ना सेंद्रिय कर्ब. आणि कोल्हापूरचे मुख्य पीक तर बियाण्याने लावतच नाहीत. उसाचे बेणे म्हणजे कांडी. तिच्या डोळ्यातून कोंब येतो, शिदोरीला कांडीतला रस असतो आणि मुळे कांडीच्या पेऱ्यातून फुटतात. अळिवावर काढलेला निष्कर्ष उसाला लावायचा झाला, तर मधे एक अख्खा अभ्यास करावा लागेल. नदीकाठचे शेतकरी, इथली महाविद्यालये आणि १९६२ पासून या मातीत असलेले शिवाजी विद्यापीठ यांना पुरेल एवढे काम त्यात आहे.

काही काम तर फार थोड्या सामानात होते. इटलीतल्या झुक्कोनी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कंपोस्ट खत पिकले की कच्चे आहे हे ओळखायला अळीव वापरला आणि एक साधा निर्देशांक मांडला. तपासायच्या पाण्यातली उगवण साध्या पाण्याच्या तुलनेत किती टक्के, तशीच मुळाची लांबी किती टक्के, हे काढायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि शंभराने भागायचे. समजा, उगवण ९० टक्के निघाली आणि मुळे निम्मीच वाढली. नुसती उगवण बघणारा खूश होतो. निर्देशांक येतो ४५, आणि ५० च्या खालचा आकडा म्हणजे पाण्यात किंवा मातीत मुळाला बाधणारे काहीतरी आहे. ८० च्या वर असेल तर काळजी नाही. काय बाधते ते निर्देशांक सांगत नाही. त्यासाठी यंत्रे लागतात. कुठे शोधायचे ते मात्र सांगतो.

जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेला हे जमेल. किराणा दुकानातला पावशेर अळीव आणि झाकणाच्या बशा घ्यायच्या. एका बशीत उकळून गार केलेले नळाचे पाणी, दुसरीत प्रयाग चिखलीच्या संगमावरचे, तिसरीत शहराच्या खालच्या बंधाऱ्यावरचे, चौथीत पूर येऊन गेलेल्या रानातली माती पाण्यात ढवळून गाळलेले. प्रत्येक बशीत टिपकागदावर पन्नास बिया मांडून त्या अंधारात ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी झाकण काढायचे. वहीत दोन रकाने लागतील: पहिल्यात रुजलेल्या बियांची संख्या, दुसऱ्यात फूटपट्टीने मोजलेली प्रत्येक मुळाची लांबी, मिलीमीटरमध्ये.